कोलंबसाच्या नांवाची सुटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर वर्षीं ऑक्टोबर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारीं सरकारी कचेऱ्या बंद असतात, टपाल वांटलें जात नाहीं, आणि कित्येक शहरांतून बँड वाजवीत मिरवणुकी निघतात. ही सुटी क्रिस्तोफर कोलंबस या खलाशाच्या नांवाची. १९६८ च्या कायद्यानें ती सबंध देशाची झाली व १९७१ पासून अंमलांत आली. आतां या सुटीवरून तेथें मोठें रण माजलें आहे. २०२० सालीं कांहीं शहरांत लोकांनीं कोलंबसाचे पुतळे दोर लावून पाडले, तर कांहीं ठिकाणीं नगरपालिकांनींच ते रातोरात हलविले. बाल्टिमोर शहरांत तर पुतळा ओढीत नेऊन बंदराच्या पाण्यांत लोटला. २०२१ सालीं अध्यक्ष बायडेन यांनीं त्याच दिवशीं तेथील मूळच्या रहिवाशांचाही दिवस पाळावा असा जाहीरनामा काढिला. २०२५ सालीं अध्यक्ष ट्रंप यांनीं मूळ रहिवाशांचें नांव गाळून एकट्या कोलंबसाचा गौरव करणारा जाहीरनामा काढिला. म्हणजे हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. उलट पेटला आहे.

कोणी वाचक विचारील, हा तंटा सातासमुद्रांपलीकडचा. आपल्या गांवचा पाणवठा सोडून हें कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, कोलंबस निघाला होता तो हिंदुस्थान, चीन, जपान या पूर्वेकडील मुलखांच्याच शोधांत. वाटेंत भलतीच भूमि लागली, तीच त्याला 'इंडीज' वाटली, आणि तेथल्या माणसांस त्यानें 'इंडियन' हें नांव देऊन टाकलें. चूक कळून पांचशें वर्षें होऊन गेलीं, पण नांव कांहीं सुटलें नाहीं. आपल्या नांवाची पाटी ज्यांच्या गळ्यांत चुकून अडकली त्यांची हकीकत आपण विचारूं नये काय? दुसरें असें कीं, जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें तें संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस, त्यांनीं काळ्या गुलामांस दास्यांतून मोकळें केलें याबद्दल, अर्पण केलें. अमेरिकेंत मान कोणास द्यावा, या प्रश्नावर महाराष्ट्राचें मत दीडशें वर्षांपूर्वींच नोंदलेलें आहे. तेव्हां आम्ही आगंतुकपणें तोंड घालीत आहों असें कोणीं समजूं नये.

आतां सुटी म्हणजे काय तें आधीं पाहूं. मजुराला सुटी म्हणजे विसांवा, आणि मजुराच्या विसांव्याविरुद्ध आम्ही एक अक्षरही लिहिणार नाहीं. तो सोमवार सुटीचाच राहो. परंतु सरकारनें सुटीला एका माणसाचें नांव दिलें म्हणजे ती नुसती विश्रांति राहत नाहीं; तो सरकारी मुजरा होतो. आणि हा मुजरा सर्वांस सारखाच करावा लागतो. ज्याच्या पूर्वजांस त्या माणसापासून लाभ झाला त्यानेंही करावयाचा, व ज्याच्या पूर्वजांचा निर्वंश झाला त्यानेंही! कोलंबसाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांतून खोडा असें आम्ही म्हणत नाहीं. पुस्तकांत तो राहावाच, आणि आजवर सांगितला त्याहून अधिक सविस्तर राहावा. प्रश्न मुजऱ्याचा आहे.

संयुक्त संस्थानांच्या सरकारी सुट्या एकंदर अकरा. ख्रिस्तजयंती वगळली तर त्यांत एकेका माणसाच्या नांवाच्या सुट्या तीनच आहेत: एक जॉर्ज वॉशिंग्टनची, दुसरी मार्टिन ल्यूथर किंग यांची, आणि तिसरी या कोलंबसाची. शिवाय २०२१ पासून त्याच यादींत १९ जूनची सुटी आली आहे. ती गुलामगिरी संपल्याची. म्हणजे गुलाम सुटले त्याचाही दिवस, आणि ज्यानें माणसें जहाजांत कोंबून विकावयास पाठविलीं त्याचाही दिवस; दोन्ही एकाच पानावर! हें पान लिहिणाऱ्यांस त्यांतला विरोध दिसत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कोलंबसाची जी गोष्ट आपल्याकडे शाळेंत सांगतात ती अशी: त्या काळचे धर्ममार्तंड व पंडित पृथ्वी सपाट आहे असें समजत, एकटा कोलंबस ती गोल आहे असें म्हणाला, त्याची टर उडविली गेली, तरी तो गेला आणि त्यानें आपलें म्हणणें खरें करून दाखविलें. आम्हांसही ही गोष्ट फार प्रिय होती. धर्मग्रंथ कवटाळून बसलेल्यांची एका साध्या खलाशानें जिरविली, हें ऐकून कोणाला बरें वाटणार नाहीं? परंतु आम्हांस आवडते म्हणून ती खरी ठरत नाहीं. पृथ्वी गोल आहे हें युरोपांतील शिकलेल्या माणसांस दीड हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक होतें. पंडितांचा आक्षेप निराळाच होता. ते म्हणत, पश्चिमेकडून आशिया फार दूर आहे, वाटेंत अन्नपाणी संपेल. आणि ते बरोबर होते! कोलंबसानें पृथ्वीचा घेर खऱ्याहून पुष्कळच लहान धरला होता. मध्यें अमेरिका आडवी आली नसती तर तो आणि त्याचे सोबती भर समुद्रांत उपाशी मेले असते. सपाट पृथ्वीची ही कहाणी वॉशिंग्टन आयर्विंग या ग्रंथकारानें १८२८ सालीं चरित्र लिहून लोकप्रिय केली. सुधारकांच्या उपयोगाची असली तरी दंतकथा ती दंतकथाच.

बरें, 'शोध' तरी कोणता? १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं त्याचीं जहाजें बहामा बेटांपैकीं एका बेटास लागलीं. त्या बेटाला तेथील लोक ग्वानाहानी म्हणत. त्यांस घरें होतीं, होड्या होत्या, ते कापूस पिकवीत, कसाव्याच्या कंदाच्या भाकरी करून खात. ताइनो लोक ते. ज्या भूमीला नांव होतें, गांव होतें, शेत होतें, ती हरवली केव्हां होती म्हणून सांपडावी? परका माणूस आपल्या घरांत शिरला, तर त्यानें आपलें घर शोधून काढलें असें आपण म्हणत नाहीं. युरोपियनांतही तो पहिला नव्हे. उत्तरेकडील नॉर्स लोक त्याच्या आधीं पांचशें वर्षें न्यू फाउंडलंड बेटावर जाऊन राहिले होते. तेथें त्यांनीं तोडलेल्या लांकडाचें वर्ष शास्त्रज्ञांनीं १०२१ असें नक्की केलें आहे. आणि ज्या संयुक्त संस्थानांत त्याच्या नांवाची सुटी आहे त्यांच्या मुख्य भूमीवर तर कोलंबसानें उभ्या आयुष्यांत पाऊल ठेविलें नाहीं. पोर्तो रिको बेटाला मात्र तो १४९३ सालीं लागला होता, आणि तें आज त्यांच्या ताब्यांत आहे.

त्या पहिल्या सफरीतली एक लहानशी गोष्ट आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. जो कोणी प्रथम जमीन पाहील त्याला राजाराणीकडून दर साल दहा हजार मारावेदी, म्हणजे त्या वेळचें स्पेनचें नाणें, जन्मभर मिळावयाचें ठरलें होतें. 'पिंटा' जहाजावरील रोद्रिगो दे त्रियाना नांवाच्या खलाशानें रात्रीं डोळ्यांत तेल घालून ती जमीन पाहिली व आरोळी ठोकली. परंतु कोलंबस म्हणाला, मला आदल्या संध्याकाळींच दूर कोठेंसा दिवा लुकलुकतांना दिसला होता. झालें! तें सालिना कोलंबसाच्या पदरीं पडलें. जागला कोण, आणि वतन कोणाचें झालें! आमच्या वाचकांस असले प्रकार नवे नाहींत.

कोलंबस हा जिनोआ शहरच्या एका विणकराचा मुलगा. कष्टकऱ्याचें पोर आपल्या हिमतीवर दर्यासारंग झालें, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडावी अशी आहे, आणि आम्ही ती लपवूं इच्छीत नाहीं. परंतु वर गेलेला माणूस खालच्यांशीं कसा वागला यावरच आम्ही त्याची किंमत करितों. निघण्यापूर्वीं एप्रिल १४९२ मध्यें त्यानें राजाराणीकडून सनद करून घेतली: महासागराचा दर्यासारंग ही पदवी वंशपरंपरा, मिळेल त्या मुलखाची सुभेदारी, आणि सोनें, मोतीं, मसाले जें कांहीं हातीं लागेल त्याचा दहावा हिस्सा. वंशपरंपरेचें वतन मागण्यांत विणकराचा मुलगा कोणाही सरदाराला हार गेला नाहीं. पुढें त्याच्या कारभाराची चौकशी झाली तिचे कागद स्पेनच्या दप्तरांत सांपडून २००६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत साक्षीदार सांगतात कीं, एका बाईनें कोलंबसाचें कूळ हलकें म्हटलें म्हणून त्याच्या भावानें तिची नग्न धिंड काढिली व तिची जीभ कापविली. आणि घराण्याची अब्रू राखल्याबद्दल कोलंबसानें भावाची पाठ थोपटली. साक्षीदारांत त्याचे वैरीही होते, हें आम्ही मान्य करितों. पण आपल्या बापाच्या मागाची लाज वाटणाऱ्या माणसाचें हें चित्र खोटें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां मुख्य हकीकत. त्याची मूळ रोजनिशी आज राहिलेली नाहीं. लास कासास या पाद्र्यानें केलेला तिचा गोषवारा राहिला आहे. त्यांत भूमीवर उतरल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतल्याच नोंदी आहेत: हे लोक शांत आहेत, यांच्यापाशीं हत्यारें नाहींत, हे चांगले चाकर होतील, पन्नास माणसांनिशीं यांस वठणीवर आणतां येईल. ज्यांनीं पाणी दिलें, फळें दिलीं, पोपट आणून दिले, त्यांच्याविषयीं पाहुण्याच्या मनांत आलेले हे विचार! दुसऱ्या खेपेस, १४९३ सालीं, तो सतरा जहाजें व हजारावर माणसें घेऊन आला. ज्या बेटावर आज हैती व डोमिनिकन हीं राज्यें आहेत तेथें त्यानें ठाणें घातलें. सोनें अपेक्षेइतकें निघेना. तेव्हां १४९५ सालीं सुमारें पंधराशें ताइनो स्त्रीपुरुष धरून आणिले व त्यांतले धडधाकट असे पांचशेंच्या वर निवडून विक्रीसाठीं स्पेनला धाडले. वाटेंत त्यांतले दोनशेंच्या सुमारास मेले. त्यांचीं प्रेतें समुद्रांत टाकलीं. बेटावर राहिलेल्यांवर खंडणी बसविली. सोन्याच्या मुलखांत चौदा वर्षांवरील प्रत्येक माणसानें दर तीन महिन्यांस ससाण्याच्या पायांत बांधतात तेवढें घुंगूर भरून सोन्याचा कण आणून द्यावा. इतरत्र कापूस द्यावा. भरणा केला कीं गळ्यांत अडकवावयास बिल्ला मिळे. बिल्ला नसेल त्याला शिक्षा. नद्यांच्या वाळूंत इतकें सोनें नव्हतेंच. लोक शेतें टाकून डोंगरांत पळाले, आणि जे पळाले ते उपासानें मेले.

त्या बेटावर आरंभीं किती लोक होते याविषयीं विद्वानांत फार वाद आहे. कोणी लाखभर म्हणतात, कोणी कित्येक लाख म्हणतात. परंतु १५१४ सालीं स्पॅनिश अंमलदारांनीं वांटणीसाठीं मोजदाद केली तेव्हां सुमारें सव्वीस हजार भरले, यांत वाद नाहीं. म्हणजे देवीची सांथ १५१८ सालीं येण्यापूर्वींच बेट ओस पडत चाललें होतें. सगळें मरण कोलंबसाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तो १५०६ सालीं वारला, रोग कोणीं मुद्दाम आणले नव्हते, आणि त्याच्या मागून आलेले सुभेदार त्याच्याहूनही क्रूर निघाले. पण माणसें वांटून देण्याची, खंडणीची व वेठीची वहिवाट त्यानें घातली, तीवरच ते पुढें चालले.

येथें कोलंबसाचे कैवारी एक हुकमी उत्तर काढतात. ते म्हणतात, त्या काळच्या माणसाला त्या काळच्याच मापानें मोजावें. आम्हांस हें कबूल आहे. चला, त्याच मापानें मोजूं! त्याच काळच्या राजाराणीनें १५०० सालीं बोबादिया नांवाच्या अंमलदाराला चौकशीस धाडलें, व त्यानें कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला परत पाठविलें. राजाराणीनें बेड्या काढविल्या, पण सुभेदारी कांहीं पुन्हा त्याच्या हातीं दिली नाहीं. त्याच वर्षीं राणी इसाबेलानें विकलेल्या ताइनोंपैकीं जिवंत असतील त्यांस मायदेशीं परत न्यावें असा हुकूम केला. १५११ सालीं त्याच बेटावर मोन्तेसिनोस नांवाच्या पाद्र्यानें भर प्रवचनांत गोऱ्या जमीनदारांस विचारलें कीं, हीं माणसें नाहींत काय. आणि त्या वेळीं कोलंबसाचा मुलगा दिएगो हाच तेथला सुभेदार असून समोर बसला होता. लास कासास हा स्वतः वेठीचीं माणसें बाळगून होता. १५१४ सालीं त्यानें तीं सोडून दिलीं व उरलेलें आयुष्य त्यांची बाजू मांडण्यांत घालविलें. (त्यानेंही मध्यंतरीं ताइनोंच्या जागीं आफ्रिकेंतून गुलाम आणावे अशी सूचना केली होती. पुढें त्याबद्दल त्याला पश्चात्ताप झाला, पण बोलून गेलेला शब्द अनेक पिढ्यांस भोवला.) तेव्हां त्या काळींही न्याय-अन्याय कळत होता. आणि आमचा आणखी एक सवाल आहे: ताइनो लोक त्या काळचे नव्हते काय? 'त्या काळीं सर्वांस हें रास्त वाटे' असें म्हणतांना त्या सर्वांत मार खाणाऱ्याची गणना कां होत नाहीं? काळाचें मत म्हणजे चाबूक धरणाऱ्याचेंच मत, हा हिशेब कोणीं घातला?

एक किस्सा आमच्या वाचकांसाठीं मुद्दाम राखून ठेविला आहे. १५०३ सालीं चौथ्या सफरींत कोलंबसाचीं जहाजें किड्यांनीं खाऊन निकामी झालीं व तो जमैका बेटावर वर्षभर अडकून पडला. तेथील लोक कांहीं महिने त्यांस अन्न पुरवीत होते; पण खलाशांची दांडगाई वाढली तेव्हां त्यांनीं हात आंखडला. कोलंबसापाशीं एक छापील पंचांग होतें. त्यांत पाहून त्यास कळलें कीं २९ फेब्रुवारी १५०४ च्या रात्रीं चंद्रग्रहण आहे. त्यानें तेथील नायकांस बोलावून सांगितलें कीं, तुम्ही अन्न देत नाहीं म्हणून माझा देव कोपला आहे. आज रात्रीं चंद्राकडे पाहा. ग्रहण लागलें, लोक भेदरले, अन्न घेऊन धांवत आले. मग हा जहाजाच्या खोलींत जाऊन प्रार्थनेला बसला, आणि ग्रहण सुटण्याच्या बेतांत बाहेर येऊन म्हणाला, देवानें तुम्हांस क्षमा केली! पंचांग हातीं धरून ग्रहणाचा धाक घालावयाचा आणि शिधा उकळावयाचा, ही विद्या केवळ आपल्याच देशांतली आहे असा ज्यांचा समज असेल त्यांनीं तो आतां दूर करावा. या एका प्रकारांत रक्त सांडलें नाहीं, व उपाशी माणसानें पोटासाठीं केलें, म्हणून आम्ही त्याचा फार बाऊ करीत नाहीं. पण ज्याला विज्ञानाचा अग्रदूत म्हणून मिरवतात त्यानें विज्ञानाचा असा उपयोग केला, एवढें ध्यानांत असावें.

आणखी एक आक्षेप आमच्या एका शेतकरी मित्रानें घेतला, तो मात्र विचार करण्याजोगा आहे. तो म्हणाला, "अहो, कोलंबस गेला नसता तर आपल्या भाकरीवर मिरचीचा ठेचा कोठून आला असता? उपासाला बटाटा, मुलांना शेंगदाणे, परसांत पपई, शेतांत मका, बांधावर सीताफळ, हें सगळें तिकडचेंच ना?" खरें आहे. हीं सगळीं पिकें अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तीं गोव्याच्या व इतर बंदरांवर उतरलीं व तेथून आपल्या शिवारांत आलीं. कोलंबसाच्या रोजनिशींत जानेवारी १४९३ मध्यें मिरचीची नोंदही आहे. तिला तो मिऱ्यांचाच एक चांगला प्रकार समजला. परंतु मिरची कोलंबसानें पेरली होती काय? मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनीं एका रानगवताचें कणीस पिढ्यान्‌पिढ्या निवडीत, जपीत नऊ हजार वर्षांच्या मेहनतीनें मका घडविला. बटाटा अँडीज पर्वताच्या थंड उतारावर तेथल्या शेतकऱ्यांनीं माणसाळविला. बी ज्यानें जतन केलें त्याचें नांव कोणाला ठाऊक नाहीं, आणि पोतें ज्याच्या गलबतावर चढलें त्याच्या नांवानें सुटी! शेतकऱ्याच्या मालावर वाहतूकदाराचा शिक्का, असा हा व्यवहार आहे.

आणि हें ऐका. आपण 'बटाटा' म्हणतों तो शब्द पोर्तुगीजांकडून आपणांस मिळाला. पोर्तुगीजांस तो स्पॅनिश लोकांकडून मिळाला. आणि स्पॅनिश लोकांनीं तो घेतला ताइनो लोकांच्या तोंडचा. रताळ्याला ते लोक 'बाताता' म्हणत. ज्यांस घुंगूर भरून सोनें देतां आलें नाहीं त्यांचा हा एक शब्द आज महाराष्ट्राच्या घरोघरीं चुलीपाशीं उच्चारला जातो. त्यांचा वंश अगदींच बुडाला असें पूर्वीं पुस्तकांत लिहीत, तेंही खरें नाहीं. पोर्तो रिको वगैरे बेटांवरील लोकांच्या अंगांत तें रक्त आहे, आणि आम्ही ताइनो आहों असें म्हणणारी माणसें आज तेथें आहेत. मिरचीचे व बटाट्याचे उपकार फेडावयाचे असतील तर ते त्यांचे फेडले पाहिजेत.

आतां इटालियन लोकांची बाजू. ती न सांगतां पुढें गेलों तर आम्ही अन्याय केल्यासारखें होईल. कारण या सुटीमागें खरें दुःख आहे. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं इटलीच्या दक्षिण भागांतून जे गरीब मजूर अमेरिकेंत गेले त्यांस तेथले गोरे लोक पुरते गोरे समजत नसत. ते काळसर, ते कॅथलिक, ते हमाल. १४ मार्च १८९१ रोजीं न्यू ऑर्लिन्स शहरांत पोलिसांच्या मुख्याचा खून केल्याच्या आरोपावरून धरलेल्या अकरा इटालियनांस जमावानें तुरुंग फोडून ठार मारलें. त्यांतल्या एकासही न्यायसभेनें दोषी ठरविलेलें नव्हतें. इटलीशीं तंटा झाला, नुकसानभरपाई द्यावी लागली. आणि पुढच्याच वर्षीं, कोलंबसाच्या सफरीला चारशें वर्षें झालीं त्या निमित्तानें, अध्यक्ष हॅरिसन यांनीं देशभर तो दिवस पाळण्याचा जाहीरनामा काढिला. ज्याला रस्त्यावर हिणवतात, त्याला सांगतां आलें कीं, हा देश ज्याच्या नांवानें सुरू झाला तो आमचाच. १९०७ सालीं कोलोराडो संस्थानानें प्रथम कायद्यानें सुटी दिली ती तेथील इटालियनांच्याच खटपटीनें. १९२० च्या सुमारास कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णाभिमान्यांच्या टोळीनें या दिवसाला विरोध केला, आणि तो विरोध ताइनोंच्या कळवळ्यानें नव्हता. कॅथलिकांच्या द्वेषानें होता. ज्या जमातीनें अपमान सोसला तिला मानाचें एक नांव हवें असतें, हें आमच्याइतकें कोण जाणतो? पण म्हणूनच आम्ही त्या बांधवांस म्हणतों: आपली मान वर व्हावी म्हणून दुसऱ्याच्या मानेवर पाय ठेवणाऱ्याचें नांव घेऊं नका. त्या अकरा जणांचा दिवस पाळा. २०१९ सालीं न्यू ऑर्लिन्सच्या नगराध्यक्षांनीं त्या खुनांबद्दल माफी मागितली, ती १२८ वर्षांनीं. रस्ते, बोगदे, खाणी खणतां खणतां मेलेल्या इटालियन मजुरांचा दिवस पाळा. त्या मिरवणुकीला कोणीही नांवें ठेवणार नाहीं.

वॉशिंग्टनच्याही घरीं गुलाम होते, मग त्याचीही सुटी काढा, असें कोणी टोमणा मारितात. गुलाम होते हें खरें, आणि तो त्याच्या नांवावरील डाग आहे; तो धुवून काढण्याचें काम आम्ही करणार नाहीं. परंतु वॉशिंग्टनची सुटी गुलाम बाळगल्याबद्दल नाहीं. कोलंबसाचें तसें नाहीं. त्याची सफर, त्याची सनद, त्याचा दहावा हिस्सा आणि त्याची खंडणी हीं सगळीं एकाच व्यवहाराचीं अंगें आहेत. सोन्यांत नफा निघेना तेव्हां तो माणसांत काढिला. पराक्रम एका वहींत आणि जुलूम दुसऱ्या वहींत, असें येथें लिहितांच येत नाहीं.

इतर देशांनीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. जेथें तो प्रथम उतरला त्या बहामा बेटांनींच २०१३ सालीं 'शोधाचा दिवस' ही सुटी मोडून तिच्या जागीं आपल्या राष्ट्रवीरांचा दिवस ठेविला. त्रिनिदाद बेटानें १९८५ सालीं शोधाचा दिवस काढून ती सुटी गुलामांच्या मुक्ततेच्या दिवसास दिली. व्हेनेझुएलानें २००२ पासून १२ ऑक्टोबरला मूळ रहिवाशांच्या प्रतिकाराचा दिवस असें नांव दिलें. स्पेनचा मात्र तो अजून राष्ट्रीय दिवस आहे. आपल्याकडे गोव्यांत वास्को द गामाच्या नांवाचें शहर अद्याप आहे. त्याच वास्कोनें १५०२ सालीं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज बायकामुलांसह जाळलें होतें. १९९८ सालीं त्याच्या येण्यास पांचशें वर्षें झालीं म्हणून उत्सवाची भाषा निघतांच गोव्यांत व केरळांत विरोध उठला, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

तेव्हां आमचें मत उघड आहे. तो सोमवार सुटीचा राहावा, कोलंबसाचें नांव त्यावरून काढावें, आणि ज्यांच्या किनाऱ्यावर तो उतरला त्यांच्या नांवें तो द्यावा. १९७७ सालीं जिनिव्हा येथें भरलेल्या परिषदेंत मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनींच ही मागणी केली होती, व १९९२ सालीं बर्कली शहरानें ती प्रथम अंमलांत आणिली. मात्र या बदलानें फार मोठें काम झालें असें मानणाऱ्यांस आम्ही सावध करितों. सुटी ही सरकारला सर्वांत स्वस्त पडणारी देणगी आहे. नांव बदलावयास पैसा लागत नाहीं, आणि जमीन परत करावी लागत नाहीं.

याचा दाखला दक्षिण डाकोटा संस्थानांतच आहे. १८९० सालीं त्या भागांत वुंडेड नी येथें सरकारी फौजेनें सू लोकांच्या बायकामुलांसह शेंकडों माणसांची कत्तल केली. तिला शंभर वर्षें झालीं त्या १९९० सालीं त्या संस्थानानें कोलंबसाचा दिवस बंद करून त्या जागीं मूळ अमेरिकनांचा दिवस सुरू केला. चांगलें केलें. पण त्याच संस्थानांत काळे डोंगर आहेत. १८६८ च्या तहानें सरकारनें ते डोंगर सू लोकांच्याकडे कायमचे लिहून दिले होते. १८७४ सालीं तेथें सोनें सांपडलें, आणि १८७७ सालीं सरकारनें तह मोडून ते घेतले. पुढें त्याच डोंगरांतल्या एका कड्यावर वॉशिंग्टन वगैरे चार अध्यक्षांचीं प्रचंड तोंडें कोरलीं. सू लोक पिढ्यान्‌पिढ्या कोर्टांत भांडले, आणि १९८० सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं डोंगर घेणें बेकायदा होतें. सबब सुमारें साडेदहा कोटि डॉलर भरपाई द्यावी. सू लोकांनीं ती घेतली नाहीं. आम्ही डोंगर विकावयास काढले नव्हते, असें त्यांचें म्हणणें. ती रक्कम सरकारी खजिन्यांत पडून आहे आणि व्याजासह आतां शंभर कोटि डॉलरांच्या वर गेली आहे. सू लोक हे त्या देशांतल्या सर्वांत गरीब लोकांपैकीं आहेत, आणि त्यांनीं अद्याप तिला हात लाविलेला नाहीं.